भिंतीतली केरसुणी

इतिहासाच्या पुस्तकात धूळ फार उडते, पण ती घोड्यांच्या टापांची. लढाई संपली, धूळ खाली बसली, राजा सिंहासनावर बसला, की इतिहासकार पुढच्या प्रकरणाकडे वळतो. ती खाली बसलेली धूळ दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी झाडली, हे एकाही बखरीत सापडायचं नाही. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. पानिपतच्या लढाईची तारीख माझ्या विद्यार्थ्यांना झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येई. पण ज्या वर्गात ते बसत त्या वर्गाचा केर रोज कोण काढतं, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही, आणि परीक्षेत न येणारी गोष्ट शिकवण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

वास्तविक केराचा इतिहास राजघराण्यांच्या इतिहासापेक्षा जुना आणि जास्त सलग आहे. राजघराणी बुडतात, धूळ बुडत नाही. तिचा एकच गुणधर्म लक्षात ठेवावा. ती नाहीशी होत नाही, नुसती जागा बदलते. कपाटावरून झटकली की टेबलावर, टेबलावरून पुसली की फडक्यावर, फडकं गॅलरीत झटकलं की खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरीवर, आणि तिथून ती भांडणाच्या रूपानं जिना चढून पुन्हा आपल्या दारात. तेव्हा केराच्या बाबतीत माणसानं आजवर जे जे शोध लावले, त्या सगळ्यांपुढे प्रश्न दोनच होते. ही धूळ न्यायची कुठे? आणि न्यायची कुणी? पहिल्या प्रश्नाला एकाहून एक नामी उत्तरं निघाली. दुसऱ्याचं काय झालं, तेही सांगतो.

या विषयात मला खेचलं ते माझ्या पुतण्यानं. हा न्यू जर्सीत असतो. तिथे त्याचं नवं घर बांधून होत होतं. तिकडची घरं लाकडी सांगाड्याची. सांगाडा उभा राहिला की त्यात विजेच्या तारा आणि पाण्याचे नळ घालतात आणि मग वरून जिप्समच्या पाट्या ठोकून भिंत बंद करतात. एकदा भिंत बंद झाली की झाली. त्यामुळे त्या सुमारास घरमालकाला दिवसाला दहा निर्णय घ्यावे लागतात. बाकीचे नऊ त्यानं घेतले आणि दहाव्यासाठी मला फोन केला.

"काका, घरात सेंट्रल व्हॅक्यूम बसवतोय. नळी साधी घेऊ की भिंतीत जाणारी?"

आमच्या पुण्याच्या घरात भिंतीत जाणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पावसाचं पाणी. मी म्हटलं, "अरे, हे मला काय विचारतोस? मी इतिहासाचा माणूस."

"म्हणूनच. बाकी ज्याला विचारावं त्याला काहीतरी विकायचं असतं."

हा युक्तिवाद बिनतोड होता. इतिहासाच्या मास्तराकडे विकण्यासारखं काही नसतं, हे आमच्या घराण्यात सर्वमान्य आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगतो. आपल्याला माहीत असलेला व्हॅक्यूम क्लीनर म्हणजे पोट आणि सोंड एकत्र असलेला, चाकांवरून मागे मागे येणारा हत्ती. सेंट्रल व्हॅक्यूममध्ये या हत्तीचं पोट गॅरेजमध्ये नाहीतर तळघरात ठेवतात. म्हणजे मोटर आणि केराची टाकी तिथे. तिथून दोन इंच जाडीचे प्लॅस्टिकचे नळ भिंतींच्या पोटातून घरभर फिरवलेले असतात आणि ठिकठिकाणी भिंतीला तोंडं ठेवलेली असतात. आपण तीसेक फुटांची नळी घेऊन यायचं, भिंतीच्या तोंडात खुपसायची आणि केर काढायचा. केर भिंतीतून गडगडत खाली टाकीत. यंत्राची घरघर गॅरेजमध्ये. आणि वापरलेली हवा घराबाहेर सोडण्याची सोय केली, तर नेहमीच्या यंत्रातून गाळणी चुकवून खोलीतच परत येणारी बारीक धूळही बाहेर. ज्यांना दमा, सर्दी, शिंका यांचा त्रास आहे, त्यांना याचा फार उपयोग.

आता पुढची पायरी. ती तीस फुटांची नळी एरवी कपाटात वेटोळं घालून बसते आणि दर वेळी खांद्यावर घेऊन, शंकरासारखं दिसत, या मजल्यावरून त्या मजल्यावर न्यावी लागते. त्यावर कुणीतरी तोड काढली, की नळी भिंतीतल्या नळातच राहू द्यावी. भिंतीचं दार उघडायचं, हवी तेवढी नळी ओढून घ्यायची, चाळीस फूट, पन्नास फूट. काम झालं की तिचं टोक तळहातानं झाकायचं. आत यंत्र हवा खेचत असतं, बाहेरच्या हवेचा दाब नळीला आत ढकलतो, आणि ती सरसर भिंतीत निघून जाते. दार लावलं की जणू या घरात केर कधी नव्हताच.

आमच्या शाळेतले शास्त्राचे मास्तर सांगत, की पोकळी काही ओढत नाही, बाहेरची हवा ढकलते. चांगल्या संसाराचंही तसंच असतं, असं ते पुढे म्हणत. पण ते अविवाहित होते.

पुतण्याला मी एका आठवड्याची मुदत मागितली आणि वाचायला बसलो. आणि वाचकहो, काय सांगावं! जी गोष्ट मला विसाव्या नव्हे, एकविसाव्या शतकातली चैन वाटत होती, ती हातात धरायच्या व्हॅक्यूम क्लीनरच्याही आधीची निघाली.

पण ओळीनं घेऊ. या सगळ्या उपद्व्यापाचं मूळ गालिचा. आपल्याकडे शहाबादी फरशी, सारवलेली जमीन किंवा मोझेक. कुंचा फिरवला की धूळ मुकाट्यानं सुपलीत येते. थंड देशांत जमिनीवर गालिचे, आणि गालिचा म्हणजे धुळीचं आजोळ. एकदा आत गेली की बाहेर यायचं नाव नाही. मग वर्षातून एकदा-दोनदा घरचे बापे आणि पोरं तो अंगणात ओढून नेत, दोरीवर टाकत आणि वेताच्या थापीनं बडवत. हे 'बापे आणि पोरं' कृपा करून लक्षात ठेवा. पुढे लागणार आहेत.

१८६९ साली शिकागोच्या आयव्ह्स मॅकगॅफी नावाच्या गृहस्थानं एक यंत्र काढलं. एका हातानं ढकलायचं आणि दुसऱ्या हातानं दांडा फिरवून आतला पंखा चालवायचा. म्हणजे केर काढता काढता उसाचं गुऱ्हाळही चालवायचं. लोकांनी पुन्हा वेताची थापी उचलली. १८७६ साली मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या मेल्व्हिल बिसेलनं चाकांबरोबर गोल फिरणाऱ्या ब्रशाचा झाडू पेटंट केला. याचं चिनीमातीच्या भांड्यांचं दुकान. भांडी भुशात बांधून येत आणि तो भुसा गालिच्यात घुसे. १८८९ साली बिसेल वारला. त्याच्या पत्नीनं, अ‍ॅनानं, कंपनी हातात घेतली आणि नवऱ्यापेक्षाही धडाडीनं चालवली. अमेरिकेत एवढी कंपनी चालवणारी बाई त्या काळी औषधालाही सापडत नव्हती.

१८७६ हे साल वाचून मी चष्मा काढून पुसला. त्याच वर्षी, त्या पेटंटाच्या सात महिने आधी, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात गाडगेबाबांचा जन्म झाला. तिकडे झाडूचं पेटंट निघालं, इकडे झाडू धरणारा हात जन्माला आला. हा माणूस गावात शिरला की दिवसभर गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनात लोकांची डोकी झाडायचा. 'धूळ न्यायची कुणी' या प्रश्नाला 'मी' असं उत्तर देणारी माणसं इतिहासात फार थोडी. म्हणून तर त्यांना संत म्हणावं लागतं.

आता खरी गंमत. १८९९ साली सेंट लुइसच्या जॉन थर्मननं गालिचे साफ करण्याचं एक यंत्र पेटंट केलं. ते हवा ओढत नसे, फुंकत असे. दाबलेल्या हवेचा झोत गालिच्यावर सोडायचा आणि उडालेली धूळ डब्यात पडेल अशी आशा करायची. धूळ आशेवर चालत नाही. १९०१ साली लंडनच्या एम्पायर म्युझिक हॉलमध्ये अशाच एका अमेरिकन फुंकयंत्राचा प्रयोग झाला. प्रेक्षकांत ह्युबर्ट सेसिल बूथ नावाचा तिशीचा इंजिनिअर होता. व्हिएन्नाच्या बागेत १८९७ सालापासून उभा असलेला जो प्रचंड आकाशपाळणा आहे, त्याच्या बांधणीत याचा हात होता. प्रयोग संपल्यावर यानं यंत्रवाल्याला विचारलं, "धूळ फुंकण्यापेक्षा ओढून का घेत नाही?" यंत्रवाला चिडला, ते अशक्य आहे म्हणाला आणि निघून गेला. तज्ज्ञ माणूस चिडून निघून गेला की समजावं, प्रश्न बरोबर आहे.

पुढे असं सांगतात, की बूथ व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या एका खानावळीत बसला असताना त्यानं मखमली खुर्चीच्या पाठीवर रुमाल टाकला, त्याला तोंड लावलं आणि जोरात श्वास ओढला. ठसका लागून जीव घाबरा झाला, पण रुमालावर धुळीचा काळा गोल उमटला होता. भोवतालच्या गिऱ्हाइकांना काय वाटलं असेल याची नोंद नाही. आपल्याकडे एखाद्यानं हॉटेलात खुर्चीला तोंड लावलं असतं, तर वेटरनं त्याला आधी पाणी आणि मग बिल आणून दिलं असतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बूथनं पेटंटासाठी अर्ज केला. त्याचं यंत्र मोठं भव्य होतं. लाल रंगाची घोडागाडी, तिच्यावर पेट्रोलवर चालणारं इंजिन आणि पंप. ही गाडी रस्त्यावर उभी राहायची आणि लांबच लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडायच्या. गणवेशातली माणसं आत जाऊन केर ओढायची. लंडनकरांनी गाडीचं नाव ठेवलं 'पफिंग बिली'. तिच्या धडधडाटानं रस्त्यातले टांग्याचे घोडे बिथरत आणि त्यावरून कंपनीला कोर्टाच्या पायऱ्याही चढाव्या लागल्या. खानदानी बायका मात्र खूष होत्या. गाडी यायची असली की त्या मैत्रिणींना चहाला बोलावत. नळीचा काही भाग पारदर्शक असे. त्यातून आपल्या घरची धूळ धावताना बघायची आणि चहा प्यायचा. शेजारणीला आपल्या घरची धूळ कौतुकानं दाखवणारी बाई इतिहासात ही पहिलीच असावी.

१९०२ साली सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक होता. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमधला गालिचा ऐन वेळी मळका दिसला आणि बूथच्या यंत्राला बोलावणं गेलं. नंतर राजाराणीनं प्रयोग पाहिला आणि बकिंगहॅम व विंडसर या दोन्ही राजवाड्यांसाठी यंत्रं घेतली. पुढे पहिल्या महायुद्धात क्रिस्टल पॅलेसमध्ये नौदलाच्या लोकांची छावणी होती. तिथे तापाची साथ पसरली तेव्हा बूथची पंधरा यंत्रं लावली आणि सव्वीस टन धूळ बाहेर काढली. सव्वीस टन! राणी व्हिक्टोरियाच्या काळापासूनची सगळी प्रजा तिथे फिरून गेली होती, आणि प्रत्येकानं काही ना काही ठेवलं होतं.

नीट पाहिलं तर यंत्र बाहेर, नळी आत, हे तत्त्व बूथनं पहिल्याच दिवशी पकडलं होतं. फक्त त्याचं गॅरेज चाकांवर होतं. ते चाकांवरून उतरवून इमारतीच्या तळघरात नेलं ते न्यू जर्सीच्या डेव्हिड केनीनं. हा मूळचा प्लंबर. संडासातल्या पाण्याच्या फ्लशची याची एक झडप आधीच गाजलेली होती. प्लंबरला जगातला प्रत्येक प्रश्न नळाचा दिसतो. पाणी नळातून जातं, मैला नळातून जातो, मग धूळ का जाऊ नये? १९०२ साली पिट्सबर्गच्या फ्रिक बिल्डिंगमध्ये त्यानं वाफेवर चालणारं चार हजार पौंडांचं यंत्र बसवलं आणि तिथून साऱ्या इमारतीत नळ फिरवले. त्याची पेटंटं १९०७ साली मंजूर झाली. पुतण्याला मी लगेच फोन करून सांगितलं, "अरे, तुझी ही नवी भानगड सव्वाशे वर्षांची आहे, आणि तुझ्याच राज्यातल्या माणसाची आहे." तो म्हणाला, "काका, मग वॉरंटी संपली असेल."

हे सगळं अर्थात श्रीमंतांचं. मधल्या आळीतल्या माणसाला ना घोडागाडी परवडणारी, ना चार हजार पौंडांचं यंत्र. त्याच्यासाठी शोध लावला तो एका झाडूवाल्यानं. ओहायोतल्या कँटन गावात जेम्स मरे स्पँगलर नावाचा साठीला टेकलेला गृहस्थ एका दुकानात साफसफाईच्या नोकरीवर होता. त्याला दमा. झाडू मारला की धूळ उडे, धूळ उडाली की दमा उसळे. नोकरी सोडावी तर खायचं काय? १९०७ साली त्यानं पंख्याची मोटर घेतली, साबणाचं खोकं घेतलं, झाडूचा दांडा लावला आणि धूळ साठवायला मागे उशीचा अभ्रा बांधला. बूथला कुतूहल होतं, केनीला धंदा होता. याला श्वास घ्यायचा होता. साऱ्या इतिहासात ज्याच्या हातात रोज झाडू होता अशा माणसानं लावलेला हा शोध, आणि जगभर घरोघर गेला तोही हाच.

१९०८ साली पेटंट मिळालं, पण कारखाना काढायला पैसा कुठला? यंत्र ओळखीतल्या सुझन हूव्हर या बाईंनी वापरून पाहिलं आणि नवऱ्याला सांगितलं. नवरा विल्यम हूव्हर घोड्यांचे खोगीर-सामान आणि चामड्याच्या वस्तू बनवायचा. मोटारी आल्या होत्या, घोडे रस्त्यावरून उतरणीला लागले होते. त्यानं बायकोचं ऐकलं आणि स्पँगलरचे हक्क विकत घेतले. बूथच्या गाडीला घोडे बुजले होते ते उगीच नव्हे. त्यांना पुढचं दिसलं असणार. इंग्लंडात पुढे 'हूव्हर करणं' हे केर काढण्याचं क्रियापदच झालं. 'स्पँगलर करणं' असं मात्र कुणी म्हणत नाही. दांडा ज्याच्या हातात त्याचं नाव नाही, कारखाना ज्याच्या हातात त्याचं नाव. हा नियम केराच्या बाहेरही पुष्कळ ठिकाणी लागू पडतो.

हातातलं यंत्र स्वस्त झालं आणि भिंतीतले नळ मागे पडले. पुढे महायुद्धानंतर, प्लॅस्टिकचे हलके नळ निघाल्यावर, अमेरिकेत-कॅनडात नव्या वस्त्या उठल्या तेव्हा ते परत आले. आणि आता नळीही भिंतीत गेली.

आपल्याकडे व्हॅक्यूम क्लीनर घरोघर पोचला तो साधारण १९८० नंतर, टाय लावून जिने चढणाऱ्या मुलांच्या हातून. आमच्याकडेही एक आला होता. त्यानं आमच्या गादीवर यंत्र फिरवलं आणि पांढऱ्या कापडावर निघालेली धूळ शेजारच्या चार बिऱ्हाडांना बोलावून दाखवली. लंडनच्या बायकांना याचं कौतुक वाटलं असेल, आमच्या हिला वाटलं नाही. तरी यंत्र घेतलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी ते चालताना दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "याला कपाटाखालचं दिसतं का?" मग त्यांनी कुंचा उचलला. यंत्र माळ्यावर गेलं. दिवाळीच्या आधी दरवर्षी ते खाली काढतो, त्याच्यावरची धूळ पुसतो आणि परत वर ठेवतो.

आठवड्यानं पुतण्याचा फोन आला. त्यानं मोठं कोष्टक तयार केलं होतं. साधी नळी स्वस्त. भिंतीतल्या नळीला महाग तोंडं, आणि नळी आत मावेल एवढा लांब नळ, तोही मोठ्या वळणांचा; काटकोनात वळला तर नळी आत अडकायची. यंत्राची ताकद अश्वशक्तीवर न पाहता हवेचा ओढा किती त्यावर पाहायची. घराच्या नकाशावर नळीच्या लांबीचा दोरा धरून प्रत्येक कोपऱ्यापर्यंत पोचतो का ते तपासायचं. सगळं व्यवस्थित.

"थोडक्यात काय काका, भिंतीतली नळी महाग आहे, पण इतकी सोपी की कुणीही ओढावी आणि केर काढावा."

मागून सूनबाईंचा आवाज आला. "काका, 'कुणीही' म्हणजे कोण, ते विचारा त्याला."

फोनवर शांतता पसरली. इतिहासाच्या मास्तराला अशा शांततेत बोलण्याची सवय असते. मी सांगितलं, की याच प्रश्नावर १९८३ साली रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी 'मोअर वर्क फॉर मदर' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की घरकामाची यंत्रं आली तेव्हा कष्ट कमी झाले हे खरं, पण कुणाचे? गालिचे बडवायला पूर्वी बापे आणि पोरं लागत. यंत्र आलं आणि ते सुटले. वर्षातून दोनदा सगळ्यांनी मिळून करायचं काम दर आठवड्याला एकट्या बाईनं करायचं झालं. शिवाय यंत्र आहे म्हटल्यावर घर जास्त स्वच्छ हवं, हेही आलंच. त्याच्या आधी १९७४ साली जोआन व्हॅनेक या बाईंनी हिशेब मांडला होता. नोकरी न करणारी अमेरिकन गृहिणी १९२० च्या दशकात आठवड्याला सुमारे बावन्न तास घरकाम करी. १९६० च्या दशकात, दिमतीला इतकी यंत्रं असताना, सुमारे पंचावन्न. मधल्या काळात यंत्रं आली, वीज आली, आणि तास तीन वाढले.

"म्हणजे काका, यंत्र घेऊच नये म्हणता?" पुतण्या म्हणाला.

"यंत्र घे रे. यंत्राचा दोष नाही. स्पँगलरच्या यंत्रानं दम्याच्या माणसाला श्वास दिला. पण नळी कुठे जाते याचं तू एवढं कोष्टक केलंस, त्यात नळी कोण धरतो याचा रकाना कुठे आहे?"

सूनबाई रुग्णालयात नोकरीला, आठवड्यातल्या तीन रात्री ड्यूटी. चिरंजीव घरूनच काम करतात, संगणकापुढे. निर्णय शेवटी तिनंच दिला, आणि तो ऐकून मला केनी, बूथ आणि हूव्हर या तिघांहून या मुलीची बुद्धी मोठी वाटली. ती म्हणाली, "काका, भिंतीतलीच घेऊ. साधी नळी घेतली तर हा म्हणणार, ती जड आहे, खालच्या कपाटात आहे, नंतर आणतो. ही भिंतीतून नुसती ओढायची. निमित्ताला जागाच नको." मग तिनं स्वतः नकाशावर दोरा धरला आणि वरच्या मजल्यावरचं तोंड बरोब्बर त्याच्या कामाच्या खोलीच्या दाराशी ठेवलं. खालचं स्वयंपाकघरापाशी. रविवारी वरचा मजला त्याचा, खालचा तिचा, पुढच्या रविवारी उलट. टाकी रिकामी करणं कायमचं त्याच्याकडे. भिंत बंद व्हायच्या आत हे सगळं ठरलं.

फोन लाऊडस्पीकरवर होता. आमची ही भाजी निवडता निवडता सगळं ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "अहो, परवा मावशी गावाला जाणार आहेत चार दिवस." यापुढे ती काही बोलली नाही. कुंचा दाराआड आहे, हे मला माहीत होतं.

दाराआड. आपण केरसुणीला लक्ष्मी म्हणतो, तिला पाय लागू देत नाही, तिन्हीसांजेनंतर तिला हात लावत नाही. पण पाहुण्यांना ती दिसणार नाही अशी दाराआडच ठेवतो. तेव्हा केर काढण्याचं हत्यार दडवण्याची कल्पना अमेरिकन माणसानं आपल्याला शिकवायला नको. फरक इतकाच, की वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, आपण तिला दाराआडून काढून पाटावर ठेवतो आणि हळदकुंकू वाहतो. ती वर्षभर जिच्या हातात असते त्या बाईला मात्र त्या पाटावर जागा नसते. त्या वर्षीपासून आमच्या हिनं लक्ष्मीपूजनाला मावशींना संध्याकाळीही बोलवायला सुरुवात केली, केर काढायला नव्हे, फराळाला. पहिल्या वर्षी त्या आल्या, उंबऱ्यात थांबल्या आणि सवयीनं दाराआड हात घातला.

पुतण्यानं सहा महिन्यांनी पहिल्यांदा टाकी उघडली. तेव्हा तिकडे सकाळ होती, इकडे संध्याकाळ. त्यानं टाकीचा फोटो पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. तळापासून गळ्यापर्यंत राखाडी मऊ धूळ, तिच्यात मुलीच्या खेळण्यातले दोन तुकडे आणि एक कानातलं.

"काका," तो म्हणाला, "एवढी सगळी धूळ आमची?"

त्याच्या आवाजात लाज नव्हती, नवल होतं. एवढा केर आपण स्वतः काढला, याचं. मी म्हटलं, "आता शेजाऱ्यांना चहाला बोलाव."